लाँच लूप घाटात उतरवण्याचा खटाटोप: प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

वही आज उघडली. विषय दिवाळीपासून डोक्यात होता, पण दिवसभर दुसऱ्यांच्या कन्व्हेयरची ड्रॉइंगं काढायची आणि रात्री स्वतःचं काही करायचं, हे जमत नव्हतं.

मूळ कल्पना माझी नाही. किथ लॉफस्ट्रॉम या अमेरिकन इंजिनिअरने १९८१ साली मांडलेला लाँच लूप. रॉकेटशिवाय अवकाशात माल पाठवायचा. त्यासाठी ५ सेंटिमीटर जाडीचा लांबच लांब लोखंडी रोटर (धावतं वेटोळं) हवा काढलेल्या नळीतून सेकंदाला १४ किलोमीटर वेगाने पळवायचा. तो जमिनीवरून वर चढतो, ८० किलोमीटर उंचीवर सुमारे २,००० किलोमीटर आडवा जातो, खाली येतो, वळतो आणि परत निघतो. मध्ये एकही खांब नाही. रोटर सरळ जाऊ बघतो, चुंबक त्याला खाली वाकवतात, आणि वाकताना तो चुंबकांना वर ढकलतो. त्या ढकलण्यावर सगळा डोलारा तरंगतो. वरून ५ टनांचं यान ३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) त्वरणाने सोडायचं. हे सगळं अजून कागदावरच आहे.

मला यान नको. मला त्यातलं फक्त 'मध्ये खांब नाहीत' एवढंच हवंय. लहानपणापासून खंडाळ्याच्या घाटातून जाताना एकच विचार येतो: या दरीवरून सरळ का जात नाही? दरीत खांब उभा करायचा म्हणजे आधी तिथे रस्ता, मग क्रेन, मग पाया, आणि वर चार महिने पाऊस. दोन्ही कड्यांवर फक्त मशीन बसवून मधला पूल वेगावर उभा राहिला तर?

मंडळी: मी, भोसरीत वर्कशॉप असलेला मित्र, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेली भाची, आणि खालच्या मजल्यावरचे काका. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, निम्मी नोकरी लोणावळ्याला, घाटात बँकर (चढावर गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन) चालवण्यात गेली. खर्चाची मर्यादा पंधरा हजार. जागा आमचं पार्किंग.

रविवार, १२ जानेवारी

पहिला सांगाडा: दोन १२ व्होल्टच्या मोटरी, त्यांच्यावर रबरी चाकं, दोन चाकांमधून दोऱ्याचं वेटोळं. चालू केलं की दोरा समोर फेकला जातो, हवेत मोठा कमानदार वळसा घेतो आणि मागून परत येतो. हे खेळणं बाजारात मिळतंही. संक्रांत आलीच आहे, म्हणून पतंगाचा साधा सुती दोरा घेतला, चार मीटर.

चालला! पहिल्याच फटक्यात दोऱ्याचा वळसा छातीएवढा उंच. भाचीने व्हिडिओ काढला. मित्राला पाठवला तर त्याचं उत्तर: "झाला की पूल." मलाही तसंच वाटलं. वहीत मोठ्या अक्षरात 'तत्त्व सिद्ध' लिहिलं होतं, ते आता खोडलंय. का, ते पुढे.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ. काम नाही.

रविवार, १९ जानेवारी

भाचीने विचारलेल्या एका प्रश्नात आठवडा गेला. तिने वेटोळं बदलून बघितलं. लोकरीचा धागा घातला तर वळसा सुती दोऱ्यापेक्षा उंच गेला. मासेमारीचा तंगूस घातला तर पार खाली बसला. मोटर तीच, वेग जवळजवळ तोच. "मामा, वेगामुळे उचललं जात असेल तर खरबरीतपणाचा काय संबंध?"

संबंध हवेचा. दोरा हवेवर घासतो, आणि ते घर्षणच त्याला उचलून धरतं. फ्रेंच संशोधकांनी २०१९मध्ये नेमकं हेच प्रयोगाने आणि गणिताने दाखवलं होतं. मी ते आधी वाचायला हवं होतं. म्हणजे हवा काढून घेतली की आपला 'पूल' लोंबकळणार. आणि लाँच लूप तर हवा काढलेल्या नळीतच चालतो.

खात्रीसाठी पडद्यांना असते तशी स्टीलची मण्यांची साखळी आणली. जड, गुळगुळीत, हवेची फारशी दाद न घेणारी. वर एक पुली, साखळीचं वेटोळं खाली लोंबतं. पुली सावकाश फिरवली, मग जोरात. लोंबण्याचा आकार तोच! आवाज वाढला, मणी दिसेनासे झाले, साखळीची चंदेरी पट्टी झाली, पण खालचं पोट जिथल्या तिथे. ती वर यायला तयार नाही.

आणि मग गंमत. धावत्या साखळीला पेन्सिलने टोचलं तर तिथे पोचा पडला आणि तो पोचा तिथेच राहिला. साखळी त्यातून वाहत गेली, पोचा हवेत उभा. एक-दोन सेकंदांनी हळूच विरला. आम्ही दोघांनी तासभर नुसते पोचे पाडले. १८७०च्या दशकात जॉन एटकन नावाचा स्कॉटिश गृहस्थ असाच साखळ्या फिरवत बसला होता, तेव्हा आम्ही एकटे वेडे नाही.

कारण सरळ आहे. वळणावर साखळीला आत ओढायला जे बळ लागतं ते साखळीतला ताण पुरवतो. वेग वाढला की ताणही त्याच हिशोबाने वाढतो. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि गुरुत्वाकर्षणासाठी साखळी होती तशीच राहते. नुसतं पळवल्याने कोणी वर येत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

मग लॉफस्ट्रॉमचा का उभा राहतो? उत्तर त्याच्याच मांडणीत होतं, मी घाईत ओलांडून गेलो होतो. त्याच्या रोटरमध्ये ताण नाही. रोटर अखंड दोरी नसून सरकत्या सांध्यांनी जोडलेले तुकडे आहेत. दोन्ही टोकांना त्याला वळवायचं काम रोटर स्वतः करत नाही, जमिनीत गाडलेले चुंबक करतात. ताण काढून घेतला की हिशोबाचं चिन्ह उलटतं: लोंबती साखळी उलटी होऊन कमान होते.

कमान! रॉबर्ट हूकने १६७५मध्ये कोड्यात लपवून छापलेली गोष्ट हीच, लोंबत्या साखळीचा आकार उलटा केला की उभ्या कमानीचा आकार मिळतो. दगडी कमानीत दगड दगडाला रेटतो. इथे दगडाच्या जागी संवेग. सूत्र लिहून ठेवतो: दर मीटर वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे कमानीतला रेटा. वाक्य एवढंच, पण मला इथे यायला चार आठवडे लागले.

रविवार, १६ फेब्रुवारी

सरकत्या सांध्यांचा रोटर आपल्याकडून होणार नाही. पण ताण नसलेली, धावणारी, स्वस्त वस्तू एक आहे: पाणी.

सोसायटीच्या बागेचा अर्ध्या एचपीचा पंप सेक्रेटरींकडून मागून आणला. ८ मिलिमीटरचं नोझल, ३० अंश वर तोंड करून. २५ मिलिमीटरचा पीव्हीसी कंड्यूट पाईप उभा चिरला, हीटगनने त्याला कमानीचा बाक दिला आणि उघडी बाजू खाली करून धारेवर पालथा ठेवला. धार खालून त्याच्या पोटाला घासत, त्याच्या बाकाने वळत पलीकडच्या टबात. टबातून पाणी परत पंपाला.

बादली भरायला लागलेल्या वेळावरून वेग सेकंदाला ८ मीटर निघाला, प्रवाह सेकंदाला ४०० मिलिलिटर. रेटा साधारण ३.२ न्यूटन. एकूण ६० अंश वळवला तर वरचं बळही तेवढंच, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातून पाण्याचं स्वतःचं वजन वजा.

पहिल्या सहा वेळा पन्हळ घसरून बाजूला पडली. उभं धरायला बळ भरपूर, पण बाजूला ढळायला धारेची अजिबात हरकत नाही. शेवटी दोन्ही बाजूंना काड्यांचे मार्गदर्शक लावले, नुसते टेकण्यापुरते. सातव्या वेळी पन्हळ धारेवर बसली आणि बसून राहिली. खाली काहीही नाही, फक्त थरथरणारं पाणी. वर एकेक नट ठेवत गेलो. पन्हळीच्या वजनाशिवाय १४० ग्रॅमपर्यंत तग धरला. भाची ओरडली. मी पण, खरं सांगायचं तर.

काका खुर्ची घेऊन बसले होते. "किती वॅट खातोय पंप?"

"पावणेचारशेच्या आसपास."

"आणि उचललं किती?"

"एकशे चाळीस ग्रॅम."

काकांनी शेजारची वीट उचलली, टबाच्या काठावर ठेवली, तिच्यावर स्वतःचा चष्मा ठेवला आणि चहा प्यायला वर गेले.

(नोंदीसाठी: धारेतली खरी ताकद तेरा वॅटच आहे, बाकी सगळं पंपात आणि नळीत जातं. पण काकांचा मुद्दा तेरा वॅटनेही बदलत नाही.)

रविवार, २३ फेब्रुवारी

आज फक्त आकडे.

घाटातल्यासारखा एक पूल धरला: गाळा (दोन टोकांमधलं अंतर) ५०० मीटर, कमानीची उंची १०० मीटर, गाडीसकट भार मीटरला २० टन. कमानीतला रेटा भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले आठपट उंची, म्हणजे ६.२५ कोटी न्यूटन. आता रोटर हलका घेऊन जोरात पळवा किंवा जड घेऊन सावकाश, रेटा एवढाच हवा. आणि त्यात साठलेली ऊर्जा म्हणजे रेट्याच्या निम्म्याला गाळ्याने गुणायचं. वेग कुठला, वस्तुमान किती, दोन्ही हिशोबातून गळून पडतात! मी हे तीनदा तपासलं, कारण मला वाटत होतं की हुशारीने वेग निवडून काहीतरी वाचवता येईल. नाही येत.

ऊर्जा सुमारे १५६० कोटी ज्यूल. विजेच्या भाषेत साडेचार हजार युनिटांच्या आत, बिल भरता येईल. दुसऱ्या भाषेत पावणेचार टन टीएनटी, म्हणजे स्फोटक, दरीवर टांगलेलं.

आणि काठांवरचा धक्का? तोच. ६.२५ कोटी न्यूटन. दगडी कमान असो, लोखंडी असो की पळत्या लोखंडाची, कड्याला तेवढंच सोसायचंय. म्हणजे पाया स्वस्त होईल ही माझी आशा मुळातच चुकीची होती. लोखंडी कमान हाच रेटा एकही युनिट न जाळता देते. चिनाब नदीवरच्या रेल्वे पुलाची कमान ४६७ मीटरची आहे, पाण्यापासून ३५९ मीटर उंच. ती दोन्ही काठांकडून पुढे सरकवत मध्यावर जोडली, दरीत खांब न रोवता. माझा 'खांब नाहीत' हा हट्ट पोलादाने आधीच पुरा केलाय.

मग याचा उपयोग कुठे? जिथे पोलाद हात टेकतं तिथे. सर्वांत लांब झुलत्या पुलाचा मुख्य गाळा आज तुर्कस्तानात आहे, चानाक्काले, २,०२३ मीटर. सह्याद्रीत तेवढी दरी ओलांडायची वेळ येत नाही. गंमत म्हणून जिब्राल्टरची सामुद्रधुनी घेतली: सर्वांत अरुंद ठिकाणी १४ किलोमीटर, खाली शेकडो मीटर पाणी. कमान १,४०० मीटर उंच, भार मीटरला फक्त १० टन. ऊर्जा ३४ लाख युनिट, टीएनटीत जवळजवळ तीन किलोटन. हिरोशिमाच्या बॉम्बचा पाचवा हिस्सा, आणि त्यावरून माणसं सुट्टीला चालली आहेत.

लॉफस्ट्रॉमचा मूळ लूप दीड हजार लाख कोटी ज्यूलचा, सुमारे ३६० किलोटन. पण तो निर्जन समुद्रावर बांधायचा विचार आहे. घाटाखाली खोपोली आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास, खिचडी, वाचन. कालपासून आयआयटी मद्रासच्या ४२२ मीटर हायपरलूप (हवा काढलेल्या नळीतून धावणारी गाडी) चाचणी-मार्गाची बातमी फिरतेय, तिघांनी पाठवली. मुंबई–पुणे हायपरलूपचा करार २०१८च्या फेब्रुवारीत झाला होता, २०१९मध्ये राज्य सरकारने त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जाही दिला, आणि २०२३ संपता संपता ती कंपनीच बंद झाली. तेव्हा घाटावरून पंचवीस मिनिटांत, या वाक्याला मी आता फार हलत नाही.

पण वाचताना दुसरंच सापडलं. माझा समज होता की अवकाशातलं तंत्र आपण जमिनीवर आणतोय. उलटं आहे! स्टारट्रॅम नावाची चुंबकी नळीतून यान सोडायची कल्पना ज्या जेम्स पॉवेलची, त्यानेच गॉर्डन डॅन्बीबरोबर १९६०च्या दशकात अतिवाहक चुंबकांवर तरंगणाऱ्या रेल्वेची कल्पना मांडली होती, न्यूयॉर्कच्या एका पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर सुचली असं सांगतात. त्या वाटेवरची जपानी गाडी २०१५च्या एप्रिलमध्ये यामानाशीच्या मार्गावर ताशी ६०३ किलोमीटर धावली. जेरार्ड ओ'नीलबरोबर चंद्रावरून माती फेकणारा मास ड्रायव्हर बनवणारा हेन्री कोल्म त्याआधी एमआयटीत मॅग्नेप्लेन नावाच्या तरंगत्या गाडीवर काम करत होता. म्हणजे हे सगळे आधी रेल्वेचे लोक, मग अवकाशाचे. मी ती वस्तू माहेरी परत आणतोय आणि तिला माहेरच आठवत नाही अशा थाटात.

रविवार, ९ मार्च

काकांनी आज वही वाचली. चष्मा कपाळावर, बोट ओळीखाली. जिब्राल्टरवर हसले. मग गंभीर झाले.

"वीज गेली तर तुझा पूल काय करतो?"

मी सांगितलं, लगेच पडत नाही, रोटरला वेग आहे, हळूहळू कमी होईल, तोवर गाडी काढून घेता येईल.

"आणि नळीत हवा शिरली तर?"

गप्प बसलो.

"घाटात कॅच सायडिंग असतं, बघितलंयस? गाडी उतरताना काटा, म्हणजे रूळ बदलणारा सांधा, आधीपासून सायडिंगकडे लावलेला असतो. मेन लाइनकडे नाही. ड्रायव्हरने गाडी ताब्यात आहे हे दाखवायचं, मग काटा फिरतो. काहीच केलं नाही, कोणी झोपलं, तार तुटली, तर गाडी चढावर जाऊन थांबते. ब्रेकचं तेच. पाइपातली हवा गेली की ब्रेक लागतो, सुटत नाही. आमच्याकडे सगळं बिघडलं की थांबतं. तुझ्याकडे बिघडलं की पडतं. चालू ठेवायला सारखं काहीतरी करत राहावं लागतं अशी वस्तू मी घाटात घेणार नाही रे."

पूल खोडला. रेघ मारताना वाईट वाटलं, पण पट्टी लावून मारली.

रविवार, १६ मार्च

पूल गेला, रोटर उरतो. लूपमध्ये यान स्वतःचं इंधन नेत नाही, धावत्या रोटरला चुंबकाने 'धरतं' आणि ओढलं जातं. घाटात बँकरऐवजी असा जमिनीतला रोटर? कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, सर्वांत तीव्र तिथे १:३७ (३७ मीटरला एक मीटर). हजार टनांच्या गाडीला चढावर ओढायला नुसतं गुरुत्वाकर्षणासाठी २६५ किलोन्यूटन. ताशी ४० किलोमीटरने तीन मेगावॅटच्या जवळ.

मित्राच्या वर्कशॉपमध्ये जुन्या ॲल्युमिनियमच्या परातीची ३० सेंटिमीटरची चकती कापली, ड्रिलवर बसवली, मिनिटाला १,२०० फेरे. समोर बेअरिंगवर दुसरं चाक, त्याच्या काठावर निओडिमियमचे आठ चुंबक, चकतीपासून चार मिलिमीटर लांब. कुठेही स्पर्श नाही, तरी चाक फिरू लागलं आणि त्याच्यावर गुंडाळलेल्या सुतळीने अर्ध्या लिटरची बाटली सावकाश वर उचलली. भोसरीतली दोन पोरं काम सोडून बघायला आली.

बाटली टेबलापर्यंत आली, ड्रिल बंद केलं, मी सवयीने चकतीला हात लावला. चटका.

तिथेच उत्तर होतं. ओढणारं बळ दोघांवर सारखंच. चकती त्या बळात स्वतःच्या वेगाने ताकद घालते, चाक ती स्वतःच्या वेगाने घेतं, मधला फरक उष्णता. रोटर सेकंदाला १०० मीटर आणि गाडी ११ मीटर, तर शंभरातले अकरा गाडीला, बाकीचे रोटर तापवायला. यानाचं जमतं कारण ते शेवटी रोटरच्या वेगाच्या जवळ पोचतं. गाडी घाटात पोचणार नाही, पोचू नये. मग रोटर सावकाश करा, १५ मीटर: शंभरातले चौऱ्याहत्तर. पण सावकाश फिरणारी, जमिनीत लपलेली, गाडीने धरायची वस्तू म्हणजे काय? सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार. १८७३पासून. रस्त्याखाली ताशी पंधरा किलोमीटरने अखंड फिरणारी पोलादी दोरी, गाडी जबड्याने ती धरते, सोडते.

मित्र म्हणाला, "दीडशे वर्षं मागे गेलो की रे." मी म्हणालो, त्यांचा जबडा घासतो, आपला चुंबक घासत नाही. "पण तापतो," तो म्हणाला, आणि बर्नॉल आणायला गेला.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी. दुपारी श्रीखंड जास्त झालं. पंप सोसायटीला परत केला. सेक्रेटरींना तो नेला होता तेव्हापेक्षा स्वच्छ मिळाला, तरी त्यांनी चालवून बघितला. खर्च एकूण ९,३४० रुपये.

भाची अजून थांबायला तयार नाही. तिला चुंबकाची फट सांभाळायची आहे. लूप असो की शांघायची, पूर्वी ताशी ४३१ किलोमीटरने धावलेली चुंबकी गाडी, लोखंडाला चुंबकाने ओढून धरायचं पण चिकटू द्यायचं नाही, हे आपोआप स्थिर राहत नाही. १८४२ साली अर्नशॉने गणिताने सांगून ठेवलंय. सेकंदाला हजारो वेळा फट मोजून प्रवाह कमी-जास्त करावा लागतो. तिने एक कॉइल गुंडाळली, हॉल सेन्सर (चुंबकी क्षेत्र मोजणारा) लावला, खाली एम-६चा बोल्ट.

रविवार, ६ एप्रिल

बोल्ट ११ सेकंद तरंगला. मग कॉइलला टक्कन चिकटला. तिने गेन (फट बदलली की प्रवाह किती बदलायचा ते प्रमाण) कमी केला, तर पडला. परत वाढवला. रात्री दीडला मेसेज: '४० मिनिटं!!' खाली फोटो, बोल्ट आणि कॉइलमध्ये कागद जाईल एवढी फट.

गुरुवार, १७ एप्रिल

गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज कधीही जाणार. मी कामावर होतो. भाचीचा फोन: सकाळपासून बोल्ट तरंगत होता, सव्वाअकराला वीज गेली.

"फरशीवर पडला का? टाइल फुटली?"

"नाही मामा. काकांनी काल रात्रीच खाली वाटी ठेवली होती. कापूस घालून."